घर कुळाचं, जागा खोताची

मंडळाने बोलावलं तेव्हा विषय ठरला होता महाडच्या जुन्या वाड्यांचा. मग चिटणीसांशी फोनवर बोलणं झालं आणि कळलं, तुमच्यातल्या बऱ्याच जणांचं दुखणं वेगळंच आहे. महाडला किंवा पोलादपूरला फ्लॅट, त्यात भाडेकरू, आणि तो काही हलत नाही. एक गृहस्थ इथे कॅलिफोर्नियातल्या एका मोबाइल होम पार्कात भागीदार आहेत. तिथेही एक बिऱ्हाड साऱ्यांना वात आणतंय. मी पडलो वकील, तेव्हा वाडे राहू देत.

तो पार्क मी पाहून आलो. घर राहणाऱ्याचं, खालची जागा मालकाची, दरमहा जागेचं भाडं. अहो, ही तर आमची खोती! आमच्याकडे कुणब्याने खोताच्या जमिनीवर घर उभं करायचं. भिंती त्याच्या, वासे त्याचे; पण खोताची मर्जी फिरली की चंबूगबाळं आवरायचं. वासे उपसून नेता येतात, जोतं नेता येत नाही. इथल्या घराला चाकं असली, तरी ते हलवायला हजारो डॉलर लागतात, आणि जुनं घर दुसरा पार्क सहसा आत घेत नाही. म्हणून कॅलिफोर्नियात राहणाऱ्याला काढायला ६० दिवसांची नोटीस लागते, तीही कायद्याने ठरवलेल्या कारणांसाठीच. शेजाऱ्यांना होणारा उपद्रव हे त्यातलं एक. आपल्याकडे कुळाला असं संरक्षण मिळावं म्हणून चरी गावच्या शेतकऱ्यांना १९३३ पासून संप करून कित्येक वर्षं जमिनी ओसाड ठेवाव्या लागल्या. १९३७ साली बाबासाहेबांनी कायदेमंडळात खोतीविरोधी विधेयक आणलं. पुढे १९४८ च्या कूळ कायद्याने, कुळाने स्वखर्चाने बांधलेल्या घरातून त्याला काढण्यावर बंदी आली, आणि ती जागा विकायची तर पहिला हक्क कुळाचा ठरला. मला खटकतं ते एवढंच, की ज्यांचे आजोबा कुळं होते ते आज इथे खोत झालेत. (हशा. भागीदार गृहस्थही हसले.)

प्रश्न : मग आमच्या महाडच्या फ्लॅटचं काय? कुलूप बदललं तर?

बदलू नका. तो सहा महिन्यांच्या आत दावा लावून ताबा परत मिळवेल, मग तुम्ही बसा. पाणी, वीज तोडणं हाही गुन्हा. लिव्ह अँड लायसन्सचा नोंदणी केलेला करार असेल आणि मुदत संपली असेल, तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करा. पुढच्या राहण्याचे दामदुप्पट पैसे मागता येतात. करार नोंदवला नसेल तर १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे दोष मालकाचा, आणि अटी काय होत्या हे भाडेकरू सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरतात. तोंडी व्यवहार असेल तर रीतसर दावा, तारखा... चवदार तळ्याचा दावा महाडला १९२७ मध्ये लागला, हायकोर्टाचा निकाल १९३७ मध्ये. तुमचं प्रकरण एवढं मोठं नाही, पण धीर धरा.

उपद्रवाचं कारण मात्र जपून घाला. जिन्यात दारू पिऊन शिव्या देतो हे सगळी बिल्डिंग फोनवर सांगते; पिंजऱ्यात उभं राहायला कुणी येत नाही. भाडं थकवलंय म्हणावं, तर २०२१ च्या जुलैमधल्या महाडच्या पुराने त्यातही पाणी ओतलं. एका भाडेकरूने कोर्टात चिखलाने चिकटलेला पावत्यांचा गठ्ठाच ठेवला. सुटा करायला गेलं की कागद भुगा होऊन हातात. मालकाचं वहीखातं तळमजल्यावर होतं, तेही गेलं. न्यायाधीश दोघांकडे बघत राहिले.

प्रश्न : महाड तालुक्यातल्या तळियेचे लोक कंटेनरमध्ये होते ना? तीही मोबाइल घरंच!

हो, त्याच जुलैत दरड कोसळल्यावर, पक्की घरं होईपर्यंत. पण तिथे भाडंच नव्हतं, तो विषय वेगळा.

प्रश्न : पोलादपूरलाही हाच कायदा?

गाव कायद्याच्या अनुसूचीत आहे का ते आधी तिथल्या वकिलाकडून बघून घ्या. नसेल तर महिन्याच्या भाडेकरूला १५ दिवसांची नोटीस, मग दिवाणी दावा.

प्रश्न : मुखत्यारपत्र भावाला दिलं तर पुरे?

कागदपत्रांना पुरे. ते पत्र भारतात पोहोचल्यावर तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक भरा, बरेच जण विसरतात. पण घराची गरज मला आहे असं म्हणणार असाल, तर ती गरज भावाने शपथेवर सांगून सहसा भागत नाही. साक्ष तुमचीच लागते. व्हिडिओवर होईल का, ते कोर्टाला आधी विचारा, आणि तिकीट नंतर काढा.