पाच टक्क्यांचे घर आणि पाच एकरांची आडकाठी
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



कापसाच्या भावासाठी भरलेल्या मेळाव्यात अपंगांच्या घराचा विषय कशाला, असे काहींना वाटेल. उत्तर सोपे आहे. हा विषय आपल्याच घरातला आहे. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग मोजले गेले. त्यांतले १ कोटी ८६ लाख खेड्यांत राहतात. एकट्या महाराष्ट्रात हा आकडा २९ लाख ६३ हजार आहे. कुणी जन्मापासून तसा, कुणाला लहानपणी ताप आला, कुणाचा हात मळणीयंत्रात गेला, कुणी विहिरीवरून पडला. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसपेक्षा जास्त शेतकरी आणि मजूर दगावले, शेकडो दवाखान्यात पडले, काहींच्या नजरेवर परिणाम झाला. शेती हा धोक्याचा धंदा आहे. आज धडधाकट असलेला माणूस उद्या कोणत्या यादीत जाईल, हे कोणी सांगू शकत नाही.

सरकारी कागदावर आता 'दिव्यांग' हा शब्द आला. शब्द बदलला, ते बरे झाले. पण नव्या शब्दाबरोबर डोक्यावर छप्पर आले काय, एवढाच आमचा प्रश्न आहे.

आधी कायदा समजून घेऊ. १९९५ च्या कायद्यात गरिबी निर्मूलनाच्या योजनांत अपंगांसाठी ३ टक्के जागा होत्या. २०१६ मध्ये संसदेने नवा कायदा केला आणि २०१७ च्या एप्रिलपासून तो लागू झाला. त्याचे ३७ वे कलम प्रत्येकाने ध्यानात ठेवावे. ४० टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्वाचा दाखला असलेल्यांना घरांच्या सर्व योजनांत ५ टक्के आरक्षण. शेतजमिनीच्या वाटपात ५ टक्के. सवलतीच्या दराने दिल्या जाणाऱ्या जागांत ५ टक्के. आणि घर व शेतजमीन यांच्या वाटपात अपंग बाईला आधी मान. हा कायदा काही मेहरबानीची भाषा बोलत नाही. सरकारने योजना करून हे द्यावे, असा त्याचा हुकूम आहे.

मग अडते कुठे? आम्ही योजनेचे नियम घेऊन बसलो आणि एकेक करून वाचले. दारातच तीन आडकाठ्या दिसल्या.

पहिली आडकाठी शब्दांची आहे. गावात जे घरकुल मिळते ते मुख्यतः प्रधानमंत्री आवास योजनेचे, २०१६ साली सुरू झालेले. सपाट भागात त्याची रक्कम १ लाख २० हजार. कायदा म्हणतो द्यावे, आणि योजनेची मार्गदर्शिका म्हणते 'शक्य तितके', तेही राज्यपातळीवर. म्हणजे टक्केवारी सगळ्या राज्याची मिळून पाहायची. आपल्या गावात पन्नास घरकुले आली आणि त्यांत एकही अपंग नाही, असे झाले तर विचारायचे कुणाला? ग्रामसेवक म्हणेल, आमच्या गावाला कोटा नाही. कागदावर तो खोटे बोलत नसतो. जबाबदारी सगळ्या राज्याची केली की ती कोणाचीच राहत नाही. मुंबईतल्या कुठल्याशा तक्त्यात पाच टक्के भरतात आणि आपल्या गल्लीतला माणूस कुडाच्या घरातच राहतो.

दुसरी आडकाठी खास आपल्यासाठी, कोरडवाहू शेतकऱ्यासाठी आहे. २०२४ मध्ये या योजनेचा पुढचा टप्पा मंजूर झाला. दोन कोटी नवी घरे बांधायची ठरली. अपात्रतेच्या अटी थोड्या सैल केल्या. पूर्वी मोटारसायकल असली तरी नाव उडत असे, ती अट गेली. पण जमिनीची अट पाहा. अडीच एकर किंवा जास्त बागायत असेल तर अपात्र, आणि पाच एकर किंवा जास्त कोरडवाहू असेल तर अपात्र. दोन एकर कोरडवाहू म्हणजे एक एकर बागायत, हा हिशेब कोणत्या शिवारात बसून केला? पावसाने ताण दिला की पाच एकर पऱ्हाटीत काय उरते आणि पाच एकर ज्वारीत काय उरते, हे इथे बसलेल्यांना सांगायला नको. कालव्याच्या पाण्याखालचे अडीच एकर आणि आपले आभाळाकडे तोंड करून बसलेले पाच एकर यांना एकाच तराजूत तोलले आहे.

आणखी एक अट आहे. किसान क्रेडिट कार्डाची मर्यादा ५० हजार किंवा जास्त असेल तर अपात्र. भावांनो, हे नीट ऐका. पीककर्ज म्हणजे आपल्यावरचे देणे. तीन-चार एकर कापसाला बँकेने कर्ज दिले तर ही मर्यादा सहज ओलांडली जाते. शहाण्या माणसाच्या वहीत कर्ज देण्याच्या बाजूला लिहितात. सरकारने ते मिळकतीच्या बाजूला लिहिले आणि शेतकऱ्याला श्रीमंत ठरवले!

आता या अटी अपंग माणसाला कशा लागतात ते पाहा. सातबारा बापाच्या नावाने, कर्ज बापाच्या नावाने. पाय नसलेल्या पंचवीस वर्षांच्या पोराच्या नावाने काय आहे? एक दाखला आणि एक खाट. पण कुटुंब एक धरले म्हणून बापाची पाच एकरे पोराच्या आड येतात. कायद्याने पोराला हक्क दिला तो त्याचा स्वतःचा म्हणून. योजनेने तो बापाच्या सातबाऱ्यात बुडवला.

तिसरी आडकाठी याहून बारीक आहे. २०१६ ची यादी २०११ च्या सामाजिक-आर्थिक पाहणीवरून तयार झाली. बेघर आणि एक-दोन कच्च्या खोल्यांत राहणारे यांच्यात कोणाचा नंबर आधी, हे ठरवायला काही निकष लावले. त्यांतला अपंगांचा निकष असा: कुटुंबात अपंग व्यक्ती असावी आणि कोणीही धडधाकट प्रौढ माणूस नसावा. म्हणजे म्हातारी आई हिंडती-फिरती आहे, लेकाला उचलून न्हाणीत नेते, तर त्या घराला या निकषाचा गुण नाही. आई अंथरुणाला खिळली की गुण मिळणार. लेकीची सेवा करणारी भावजय घरात आहे, म्हणून नंबर मागे. आईची मेहनत सरकारला दिसते, ती फक्त हक्क कापण्यापुरती.

समजा या तिन्ही आडकाठ्या ओलांडून घर मिळाले. ते घर कसे असते? कमीत कमी २५ चौरस मीटर, म्हणजे २६९ चौरस फूट. आपल्या काळ्या जमिनीत ओल आणि पाणी चुकवायला जोते उंच घ्यावे लागते. दोन फूट जोते धरा. चाकाच्या खुर्चीसाठी उताराचे माप एक फूट उंचीला बारा फूट लांबी असे आहे. दोन फुटांना चोवीस फूट उतार पाहिजे. घराची लांबीसुद्धा तेवढी नसते. दार तीन फूट रुंद पाहिजे, खुर्ची वळायला पाच फूट जागा पाहिजे, संडासात बसता येईल असे भांडे आणि धरायला दांडी पाहिजे. याला पैसा लागतो. आणि घरकुलाची रक्कम मात्र दोन पायांवर चालणाऱ्याला जेवढी, तेवढीच कुबड्यांवर चालणाऱ्याला. मग घर होते आणि घरधनी ओट्याखालीच बसून राहतो. स्वतःच्या घरात शिरायला ज्याला दुसऱ्याचा खांदा लागतो, त्याला घर मिळाले असे आम्ही म्हणणार नाही.

हे सगळे ऐकून हात टेकायचे नाहीत. नियमांत आपल्या उपयोगाच्याही गोष्टी आहेत. त्या कोणी मागत नाही, म्हणून कोणी देत नाही.

एक. लाभार्थी अपंग किंवा थकलेला असेल, स्वतः उभे राहून बांधकाम करवून घेऊ शकत नसेल, तर त्याचे घर गवंडी प्रशिक्षणात घेऊन बांधून द्यावे, असे मार्गदर्शिकेतच आहे. ते जमले नाही तर ग्रामपंचायतीने मदत करायची आहे. "तुम्ही बांधले नाही म्हणून हप्ता परत गेला" असे अपंग माणसाला सांगितले तर त्याला हे वाक्य दाखवा.

दोन. जागा नाही म्हणून घरकुल अडले असेल तर राज्याची जागा खरेदीची योजना २०१५ पासून आहे. तिचे नाव पंडित दीनदयाळ उपाध्याय घरकुल जागा खरेदी योजना. सुरुवातीला तीत ५० हजारांपर्यंत मदत होती, पुढे ती १ लाखापर्यंत वाढवली.

तीन. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के अपंगांवर खर्च करायचे असतात. लहान गावाचे स्वतःचे उत्पन्न दोन लाख असेल तर ही रक्कम दहा हजार होते. घर होणार नाही. पण एका घराचा उतार होईल, दोन संडासांना दांड्या बसतील. दहा हजारांची वाटावाटी करून प्रत्येकाच्या हातावर पाचशेची नोट ठेवण्यापेक्षा दरवर्षी एक-दोन घरांची दारे खुली केलेली बरी.

चार. तक्रार ऐकायला राज्याचे दिव्यांग कल्याण आयुक्त पुण्याला आहेत. कायद्याने त्यांना साक्षीदार बोलावण्याचे, कागद मागवण्याचे दिवाणी कोर्टासारखे अधिकार दिले आहेत. साध्या कागदावर अर्ज चालतो.

आणि गावात एक गोष्ट आपणच करायची आहे. दाखला नाही तर हक्क नाही. पोरगी ऐकू येत नसलेली आहे हे सोयरिकीच्या भीतीने लपवले जाते, दाखलाच काढला जात नाही. तिच्यासाठी कायद्याने पहिला मान ठेवला आहे आणि यादीत तिचे नावच नाही. ग्रामसभेत घरकुलाची यादी वाचली जाते त्या दिवशी अशा माणसांना खाटेवर, बैलगाडीत, तीनचाकीवर, जसे जमेल तसे घेऊन चला. सभेच्या इतिवृत्तात त्यांची नावे लिहून घ्या. तोंडी बोलणे वाऱ्यावर जाते, लिहिलेले राहते.

आता ठराव. या मेळाव्यापुढे आम्ही चार मागण्या ठेवतो.

४० टक्क्यांवरच्या अपंग प्रौढाला घरकुलासाठी स्वतंत्र कुटुंब धरावे. बापाची किंवा भावाची जमीन आणि पीककर्ज त्याच्या आड आणू नये.

पाच टक्क्यांचा हिशेब तालुक्यावर मांडावा आणि दरवर्षी पंचायत समितीच्या फलकावर लावावा.

'धडधाकट माणूस नसावा' ही अट काढावी.

उतार, रुंद दार आणि वापरता येईल असा संडास यांचा खर्च घरकुलाच्या रकमेवर वेगळा द्यावा. २०२५ मध्ये राज्याने घरकुलाला ५० हजारांची भर जाहीर केली, त्यात छपरावरच्या सौर विजेसाठी १५ हजार धरले. छपरासाठी वेगळा पैसा निघू शकतो तर उंबरठ्यासाठीही निघू शकतो.

यांतली एकही मागणी भिकेची नाही. कायदा झाला आहे, त्याची वसुली करायची आहे. मान्य असेल त्यांनी हात वर करावा. ज्यांना हात वर करता येत नाही, त्यांनी जागेवरून 'हो' म्हणावे. तेही मोजले जाईल.