मुख्याध्यापकाच्या हाती पेन्सिल



दूधविनायकाच्या या गल्लीत मराठी कानी पडते, तेव्हा पुणे दूर वाटत नाही. तेथे शाळा चालविणाऱ्या जोतीराव फुल्यांनी १८५५ साली ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहिले. दक्षिणा प्राइज कमिटीने ते नाकारले. त्यातले फसविले गेलेले कुणबी जोडपे अखेरीस रात्रीच्या शाळेची वाट धरते. शाळाचालकाला नाटक का लिहावेसे वाटले? अहवालात त्या जोडप्याला बोलता आले नसते, म्हणून!

आपल्यापैकी जे उद्या मुख्याध्यापक होतील, त्यांनी आपल्या वर्गाचे चित्र स्वतः काढावे. शेवटच्या बाकावर कोण? झाडू कोणाच्या हाती? रेखाटताना हात कोठेतरी अडखळेल. तेथे त्या मुलाचे नाव लिहावे. चित्र वाकडे आले तरी हरकत नाही. ते भिंतीवर टांगायचे नाही.