कसरतीचा खेळ कोठून आला
(शाळेच्या पटांगणांत पालकांपुढें केलेलें भाषण)



मागल्या आठवड्यांत दोन पालक आमच्याकडे येऊन म्हणाले, "मास्तर, पोरं शिकायला धाडली, दोरावर माकडासारखी लोंबकळायला नाहीं. अन् पोरींना तर मुळींच नको." आम्हांस राग आला नाहीं. पण हा माकडखेळ कोणीं काढला, कशासाठीं काढला, हें सर्वांसमक्ष सांगावें म्हणून आज उभे आहोंत.

जिम्नॅस्टिक हें नांव ग्रीक. ते लोक उघड्या अंगानें व्यायाम करीत त्यावरून पडलेलें. परंतु सिंगलबार व डबलबार हीं साधनें रूढ केलीं जर्मनींतील एका मास्तरानें. त्याचें नांव फ्रीड्रिख यान. १८०६ सालीं येना येथें नेपोलियननें प्रशियाच्या फौजेचा धुव्वा उडविला, आणि हरलेल्या देशाचीं पोरें धडधाकट कशीं होतील हा ध्यास या मास्तराला लागला. तो बर्लिनमध्यें शिकवी. बुधवारीं व शनिवारीं दुपारीं सुटी असे, तेव्हां पोरांना घेऊन गांवाबाहेर जाई. १८११ सालीं त्यानें हाझेनहाइड नांवाच्या माळावर उघडें मैदान केलें. चढावयास खांब व दोर, लोंबकळावयास आडवा दांडा, उडीस लांकडी घोडा. घोडा मात्र त्याच्याही आधीं फार जुना. स्वारीवर झेप घ्यावयास शिकविण्यासाठीं तो असे. आज स्पर्धेंतल्या घोड्याच्या पाठीवर दोन मुठी असतात, ती खोगिराची आठवण.

आम्हांस मोलाचें वाटतें तें निराळेंच. मैदानांत सर्वांनीं एकसारखे करड्या भरड्या कापडाचे कपडे घालावे व एकमेकांस 'तूं' म्हणावें, असा यानचा दंडक होता. जर्मन भाषेंतही आपल्यासारखेंच 'तूं' आणि 'आपण' आहे. मुलगा थोराघरचा असो कीं कारागिराचा, मैदानांत तो 'तूं'! आपल्या गांवांत कोणाला 'अहो' आणि कोणाला 'अरे' हें पागोट्यावरून ठरे, तें म्हाताऱ्यांना आठवत असेल. यानचें सर्वच घ्यावें असें नाहीं. फ्रेंचांचा व यहुद्यांचा द्वेष तो करी, तो तेथेंच टाकावा.

१८१९ सालीं यानला अटक झाली व १८२० त प्रशियाच्या सरकारनें हीं मैदानें बंद केलीं. बंदी उठावयास १८४२ साल उजाडलें. राजाला दांड्याची भीति कशाची? मोकळ्या जागीं जमलेलीं पोरें देशाविषयीं बोलतात, ही खरी भीति.

१८९६ त अथेन्सला ऑलिंपिक सामने झाले, त्यांत हा खेळ होता, पण पुरुषांपुरताच. बायकांना त्यांत जागा मिळाली १९२८ त, अ‍ॅमस्टरडॅमला. पुढें १९७६ सालीं माँट्रियल येथें रुमानियाच्या नादिया कोमानेची या चौदा वर्षांच्या पोरीनें दहापैकीं दहा गुण घेतले. फलकावर दहा दाखविण्याची सोयच नव्हती, १.०० असें उमटलें! इतके गुण कोणी घेईल हें फलक करणाऱ्यांच्या मनांतही आलें नव्हतें. (२००६ पासून ती दहाची पद्धत गेली, आतां उडीची अवघडता व तिची सफाई यांचे गुण वेगळे धरतात.) आणि आपल्याच देशांतली दीपा कर्माकर, त्रिपुरांतल्या आगरताळ्याची. तळपाय सपाट, म्हणजे उडीला अगदीं नडणारे. तिनें २०१६ सालीं रिओला घोड्यावरून फार धोक्याची समजली जाणारी उडी मारली व ती चौथी आली. पदक अवघ्या ०.१५ गुणांनीं हुकलें.

आपला मल्लखांब याच कुळींतला. दुसऱ्या बाजीरावाच्या काळीं बाळंभटदादा देवधरांनीं तो पुन्हां वर आणला. पैलवानांसाठीं असलेला हा खांब. आज मुली दोराच्या मल्लखांबावर सरसर चढतात.

खर्च म्हणाल तर थोडा. सुतारदादांनीं सागाचा खांब घडवून देण्याचें कबूल केलें आहे. एरंडेल आम्ही आणूं. बुधवारीं व शनिवारीं दुपारीं शिकवूं, मुली आधीं, मुलगे मागून. आया येऊन उभ्या राहिल्या तर फारच उत्तम. खालीं मात्र मऊ माती हवी, चार गाड्या तरी. तक्रार करणाऱ्या दोघांपैकीं एकांची बैलगाडी आहे. ती रविवारीं मिळेल काय, हें त्यांस येथेंच विचारतों.