आडनावाचा खेळ



सिडनीच्या कॅसल हिल उपनगरात वाढलेल्या आम्हा जुळ्या बहिणींना वर्गासाठी एक लहानसा आत्मचरित्रपर व्हिडिओ गेम करावयाचा होता. अमेरिकेतील एमआयटीने मुलांसाठी २००७ साली खुल्या केलेल्या ‘स्क्रॅच’ या साधनाने आम्ही तो केला.

त्यातील मुलगी एका मराठी घरी जेवावयास जाते. प्रश्न येतो, “आडनाव काय?” गाव सांगितले, तर “मूळचे कुठले?” विषय बदलला, तर तोच प्रश्न पुन्हा. खरे सांगितले, तर कोणी रागावत नाही. केवळ यजमानीणबाईंचा स्वर थंडावतो.

शिक्षिकेने विचारले, यात जिंकावयाचे कसे? आम्ही बाबासाहेबांच्या ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मधील मसूर स्थानक सांगितले. १९०१ च्या सुमारास नऊ वर्षांच्या भीमरावांनी स्टेशनमास्तरांना जात खरी सांगून टाकली. मग दुप्पट भाडे देऊनही गाडीवान मिळेनात. अखेर गाडी मुलांनीच हाकावी, गाडीवानाने पायी चालावे, असे ठरले. तेथे कोणते उत्तर बरोबर होते?

जिंकण्याचा शेवट आम्ही ठेवला नाही. खेळात आपले आडनाव तरी बदला, असा घरून प्रेमाचा सल्ला होता. त्यामागची भीती आम्ही जाणतो. आडनाव खरेच घातले आहे.