सदतीस दिवसांचा दम

जगात खेळ पुष्कळ आहेत. पण खेळता खेळता खेळाडूने एक शब्द उच्चारतच राहिलं पाहिजे, थांबला तर बाद, असा खेळ मला तरी एकच ठाऊक आहे. तो म्हणजे कबड्डी. माझ्यासारख्या कविता लिहिणाऱ्या माणसाला या खेळाचं अप्रूप वाटतं ते यामुळेच. इथे शब्द तुटला की चढाई संपली, आणि शब्द टिकतो तो दमावर.

हा ‘दम’ फारसीतून आपल्याकडे आला. तिकडे त्याचा अर्थ श्वास. मराठीने त्याला आपलासा करून किती कामांना लावलं पाहा. आपण दम घेतो, दम धरतो, दुसऱ्याला दम देतो. आणि गिरणीतली कापसाची धूळ वर्षानुवर्षं छातीत गेली की त्या माणसाच्या दमाचाच दमा होतो. लालबाग-परळला दमाचे हे सगळे अर्थ माहीत आहेत. तिथली कबड्डी गिरण्यांच्या सावलीत वाढली. चांगला चढाई करणारा पोरगा कुठल्या ना कुठल्या संघात दिसायचा, आणि संघाच्या मागोमाग नोकरी यायची. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. त्यानंतर गिरणगावाची घडी विस्कटली, तरी मैदानावरचा घुमणारा आवाज बंद झाला नाही. दादरचा विजय क्लब, परळचं डॉ. शिरोडकर स्पोर्ट्स, लालबागचं अंकुर, महिलांचा शिवशक्ती संघ यांनी तो चालू ठेवला.

आज बोलायचं आहे ते एका व्यावसायिक संघाच्या हंगामाबद्दल. प्रो कबड्डी लीग २६ जुलै २०१४ रोजी वरळीच्या एनएससीआय स्टेडियममध्ये सुरू झाली. पहिल्याच सामन्यात आपल्या यू मुम्बाने जयपूरला ४५-३१ असं हरवलं. पण ३१ ऑगस्टला त्याच स्टेडियममध्ये, त्याच जयपूरने अंतिम सामन्यात आपल्याला ३५-२४ अशी धूळ चारली. घरच्या अंगणातली ही हार पुढच्या वर्षी खेळाडूंबरोबर प्रेक्षकांच्याही मनात होती.

दुसरा हंगाम १८ जुलै २०१५ रोजी सुरू झाला. आठ संघ, प्रत्येकाचे चौदा साखळी सामने. सर्कशीच्या तंबूसारखी ही सारी मंडळी एका शहरातून दुसऱ्या शहरात जायची. एकूण सदतीस दिवसांचा मामला. त्या वेळी एक कुरकुर सतत ऐकू यायची, की संघ मुंबईचा, पण त्यात मुंबईकर किती? कर्णधार अनुप कुमार हरियाणाचा. कोपरे सांभाळणारे सुरेंदर नाडा आणि मोहित छिल्लर उत्तरेकडचे. जीवा कुमार तमिळनाडूचा. फझल अत्राचली तर थेट इराणचा. आपले म्हणावेत असे रिशांक देवाडिगा आणि विशाल माने.

मला ही कुरकुर कधी पटली नाही. गिरणगाव तरी कुणी वसवलं? कोकणातून बोटीने आलेल्यांनी, घाटावरून उतरलेल्यांनी, तेलंगणातल्या पद्मशाली विणकरांनी, उत्तरेतून आलेल्या मुसलमान विणकरांनी. गिरणीच्या हजेरीपटावर ही सगळी नावं एकाखाली एक असायची. या शहराचं नाव लावण्याचा हक्क जन्माने कमी आणि कामाने अधिक मिळतो.

आणि त्या संघाने काम चोख केलं. अनुप कुमारला कधी घाई नसायची. निदान रेषेच्या आसपास तो असा फिरायचा, की घरातल्या घरात शतपावली घालतोय. समोरच्याचा तोल जरा ढळला की बोनस घेऊन परत. संघ मागे असतानाही त्याच्या चेहऱ्यावरची रेषा हलत नसे. रिशांकचं तंत्र वेगळं. दोन चढाया रिकाम्या गेल्यावर तिसऱ्या चढाईत गुण आणलाच पाहिजे, नाहीतर बाद. अशा वेळी तो जायचा. घरची ओढाताण असताना हॉटेलात राबलेला हा मुलगा. त्याला तिसऱ्या चढाईचं भय ते काय वाटणार?

२३ ऑगस्ट २०१५. अंतिम सामना मुंबईतच, समोर बंगळुरू. गणपतीला अजून साडेतीन आठवडे होते. लालबागच्या एका गल्लीत मंडपाचे बांबू बांधणारी पोरं काम टाकून दुकानातल्या टीव्हीसमोर उभी होती, त्यांच्यात मीही होतो. यू मुम्बाने ३६-३० असा विजय मिळवला तेव्हा जो जल्लोष झाला, त्यात अनुप हरियाणाचा की आणखी कुठला, हे कुणी विचारलं नाही.

पुढचा हंगाम मार्च २०१६ मध्ये संपला. अंतिम फेरीत पाटण्याने आपल्याला ३१-२८ असं हरवलं. मग हळूहळू तो संघ पांगला. २०१८ मध्ये चंदगडकडचा सिद्धार्थ देसाई मुंबईकडून झळकला, आणि पुढच्याच वर्षी लिलावात एक कोटी पंचेचाळीस लाखांना तेलुगू टायटन्सकडे गेला. फझल एक कोटीला मुंबईत परतला, नंतर पुण्याचा कर्णधार झाला. त्याच २०१८ मध्ये जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत फझलच्या इराणने उपांत्य फेरीत भारताला २७-१८ असं हरवलं. महिलांचं सुवर्णही इराणने भारताला २७-२४ असं नमवून नेलं. त्या इराणी मुलींच्या प्रशिक्षक होत्या आपल्या नाशिकच्या शैलजा जैन. फारसीने आपल्याला दम हा शब्द दिला. त्याची परतफेड एका मराठी बाईने अशी केली.

खेळाडू येतात, जातात, यात वाईट वाटण्यासारखं काही नाही. पैसा मिळतोय, याचा आनंदच आहे. नुसत्या टाळ्यांवर आयुष्य काढलेले खेळाडू आपण पाहिलेत. खंत आहे ती वेगळी. २०२४ चा हंगाम हैदराबाद, नोएडा आणि पुणे इथे झाला. २०२५ चा विशाखापट्टणम, जयपूर, चेन्नई आणि दिल्लीत. मुंबईच्या वाट्याला एकही सामना आला नाही. छातीवर मुंबईचं नाव घेऊन संघ खेळला, आणि परळच्या पोराने तो मोबाइलवर पाहिला. बाहेरगावचा खेळाडू इथे येऊन आमचा होतो, कारण आम्ही त्याला समोर घाम गाळताना पाहतो. संघच इथे आला नाही तर तो आमचा कसा व्हायचा?

म्हणून चालकांना एकच सांगणं आहे. हंगाम कितीही शहरांत न्या, पण चार दिवस मुंबईला द्या. आणि आपल्यालाही एक सांगणं आहे. थंडीत दादर, परळ, प्रभादेवीकडे संध्याकाळी स्थानिक सामने रंगतात. बहुतेक ठिकाणी तिकीट नसतं. कठड्याला टेकून तासभर उभे राहा. तो घोगरा, न तुटणारा शब्द जवळून ऐका. उद्याच्या संघातला एखादा पोरगा तिथे दम धरून उभा असेल.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)