नसलेल्या माणसाचा पुरावा

(मनीषनगर, नागपूर इथल्या युवक बैठकीत केलेलं भाषण)



मला इथं कविता वाचायला बोलावलंय. खिशात दोन आहेत. पण आज वाचणार नाही. मी मॅट्रिक पास माणूस. नागपूरचा, पण पोट भरतो समुद्राकाठच्या एका गोदीत, माल उतरवून. भाषणाची सवय नाही. जे पाहिलं ते सांगतो. चुकलं तर बैठकीनंतर धरा मला.

माझी थोरली बहीण ह्याच मनीषनगरात धुणीभांडी करते. वर्धा रोडकडून रेल्वेरूळ ओलांडून रोज सकाळी येते. तुम्ही खोल्या घेऊन स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करता, तसल्याच बिल्डिंगीत तिची दोन घरं आहेत. जिन्यात तुम्ही तिला पाहिलंही असेल. नवऱ्यानं टाकली त्याला सात वर्षं झाली. एक पोरगी आहे, नववीत. तिला महिन्याला १५०० रुपये निराधारांचं अनुदान यायचं. गेल्या दिवाळीनंतर फोन आला. कागदं घेऊन या, तुमच्याविरुद्ध तक्रार आहे, चौकशी आहे. काय तक्रार, कोणी केली, काही नाही. फोन बंद.

मी सुटी टाकून गाडीत बसलो. आलो त्या रात्री ताई चुलीपाशी बसली होती. पोरगी झोपली होती. ताई म्हणाली, "बाबू, उद्या खरं सांगू का खोटं?"

मित्रांनो, मी कवितेत व्यवस्थेला रोज फाशी देतो. ह्या एका प्रश्नाचं उत्तर मला देता आलं नाही.

का देता आलं नाही ते सांगतो. संजय गांधी निराधार अनुदान योजना १९८० पासूनची. विधवा, परित्यक्ता, घटस्फोटित, अपंग, अशांसाठी. ताईनं अर्ज केला तेव्हा अट होती, कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला २१ हजारांच्या आत. भागा बाराने. महिन्याचे १७५०. म्हणजे आईनं आणि लेकरानं १७५० रुपयांत जगायचं. खोलीभाडं, तेल, मीठ, वही, पाळीचं कापड, सगळं त्यात. दोन घरची भांडी घासली की बाई ह्या आकड्याच्या वर गेली. घासली नाहीत तर उपाशी मेली. मग ती काय करते? भांडी घासते आणि कागदावर गप्प बसते. कागद देणाऱ्याला ते माहीत असतं, घेणाऱ्याला माहीत असतं, शिक्का मारणाऱ्याला माहीत असतं. सगळ्यांच्या संमतीनं एक खोटं उभं राहतं. आणि एके दिवशी त्या खोट्याचा सगळा बोजा एकट्या बाईच्या डोक्यावर देऊन तिला विचारतात, तू फसवलंस?

दुसऱ्या दिवशी गेलो. कचेरीचं नाव सांगत नाही. एका साहेबाची ही गोष्ट नाही, टेबलाची आहे. टेबलापलीकडे खुर्ची, अलीकडे बाई उभी. माझ्या बहिणीला पहिल्या वाक्यापासून 'तू'.

नवरा कुठाय? माहीत नाही. कधी येतो? येत नाही. राशनकार्डात नाव आहे की. काढायला त्याची सही लागते म्हणतात साहेब. गळ्यात काळी पोत आहे, मग नवरा नाही कसा?

ताई म्हणाली, "साहेब, अंधार पडल्यावर रस्त्यानं एकटी येतो मी. गळ्यात पोत पाहिली का लोकं जरा सरकून चालतात."

साहेबानं मान खाली घातली. लाजेनं नव्हे, कागद बघायला. मग मुद्द्यावर आला. शेजारच्या कोणीतरी कळवलं होतं, ह्या बाईच्या घरी पुरुष येतो. दाराशी पुरुषाचे बूट दिसतात. जाड, लोखंडी टोपाचे.

मी मागं भिंतीला टेकून उभा होतो. तेच बूट पायात होते.

गोदीतले माझे बूट. वर्षातून दोनदा नागपूरला येतो, बहिणीच्या दारात काढतो. ते बूट सरकारी कागदावर माझ्या बहिणीचा यार झाले होते. मी पुढं झालो, बूट टेबलाजवळ आणून दाखवले, आधार कार्ड दाखवलं. आईबापाचं नाव दोघांचं एकच. साहेब म्हणाला, ठीक आहे, पण मग तुम्ही पैसे देता ना? म्हणजे आधार आहे ना हिला?

पाहिलंत का? बूट नवऱ्याचे असते तर फसवणूक. यारचे असते तर फसवणूक. भावाचे निघाले तरी फसवणूकच. बाईच्या दारात कोणाचेही बूट नकोत, तेव्हा ती खरी निराधार.

मग त्यानं विचारलं, काम काय करतेस? ताईनं माझ्याकडं पाहिलं नाही. म्हणाली, "दोन घरची भांडी घासतो. साडेतीन हजार भेटतात. त्यात भागत नाही म्हणून तुमचे घेतो."

रात्रीच्या प्रश्नाचं उत्तर तिनं स्वतःच दिलं. मी, शिकलेला भाऊ, तोवर काय सांगावं ह्याच विचारात होतो.

हे बूट शोधणं नागपूरचंच आहे असं समजू नका. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात १९६४ पासून नियम होता. मदत घेणाऱ्या आईकडे कोणी पुरुष येत असेल तर तो मुलांचा 'बदली बाप' समजायचा आणि मुलांचे पैसे तोडायचे. तो मुलांना एक दमडी देतो की नाही, हे विचारायचंच नाही. सेल्मा गावात मिसेस सिल्व्हेस्टर स्मिथ नावाची काळी विधवा होती. चार पोरं. पहाटे साडेतीनपासून दुपारी बारापर्यंत खानावळीत काम, आठवड्याला १६ ते २० डॉलर. शनिवार-रविवारी एक गृहस्थ तिच्याकडे येतो म्हणून १९६६ च्या ऑक्टोबरात तिच्या पोरांचे पैसे बंद झाले. त्या गृहस्थाला स्वतःची बायको आणि नऊ मुलं होती. अशा नियमानं अलाबामात अडीच वर्षांत सुमारे १६ हजार मुलं मदतीतून बाहेर फेकली गेली. बाई गप्प बसली नाही. कोर्टात गेली. १९६८ च्या जूनमध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं एकमतानं तो नियम मोडीत काढला. आईच्या वागण्याचा सूड लेकराच्या ताटावर काढता येत नाही, हा त्याचा मतलब.

आपण १९७२ साली मुंबईत पँथर नाव घेतलं ते काळ्यांच्या चळवळीकडून. बंदूक धरलेल्या पोरांचे फोटो आपल्याला पाठ आहेत. खानावळीत राबून कोर्टात उभी राहिलेली ही बाई किती जणांना माहीत होती? हात वर करा. बरं. मलाही परवापर्यंत नव्हती.

आता घरी या. २०२४ च्या जूनमध्ये लाडकी बहीण योजना जाहीर झाली. महिना १५००. विधानसभेची निवडणूक नोव्हेंबरात. तोवर फॉर्म भरून घ्यायला वस्तीवस्तीत टेबलं लागली. तेव्हा कोणी बूट मोजले नाहीत. बहीण सगळ्यांचीच होती. मतं पडल्यावर छाननी आली. २०२५ च्या जुलैत महिला व बालविकास मंत्र्यांनी सांगितलं, २६ लाख ३४ हजार लाभार्थी अपात्र वाटतात, त्यांचे पैसे थांबवलेत. त्याच सुमाराला आकडा आला की १४ हजार २९८ पुरुषांनी बहीण होऊन पैसे उचलले.

पुरुषांनी उचलले ती फसवणूक आहे. तिची बाजू मी घेणार नाही. बंगला-गाडीवाल्यांनी उचलले तीही. पण पुढं काय झालं? २०२५ च्या सप्टेंबरात ई-केवायसी आली. प्रत्येक बाईनं नवऱ्याचा नाहीतर बापाचा आधार नंबर द्यायचा, त्याच्या मोबाईलवर आलेला ओटीपी टाकायचा. आता सांगा, जिचा नवरा मेलाय आणि बापही मेलाय तिनं कोणाचा ओटीपी आणायचा? जो टाकून गेला, त्याला फोन करून म्हणायचं का, अहो, तुम्ही मला टाकलंत हे सिद्ध करायला तुमचा ओटीपी द्या? बायका ओरडल्या तेव्हा नोव्हेंबरात वाट काढली. मृत्यूचा दाखला द्या, घटस्फोटाचा कागद द्या, कोर्टाचा आदेश द्या. मेलेल्याचा दाखला मिळतो. कोर्टात गेलेलीला आदेश मिळतो. पण एका रात्री पिशवी घेऊन नुसता निघून गेला त्याचा दाखला कोणत्या खिडकीवर मिळतो? नसलेल्या माणसाचा पुरावा कुठून आणायचा?

आमच्या गोदीच्या गेटवर सुटीच्या वेळी झडती होते. हमालाचा जेवणाचा डबा उघडून बघतात. कागदावर एक आणि पेटीत दुसराच माल भरणारा काच वर करून गाडीतून निघून जातो. चोरी मोठी झाली की हमालाचा डबा आणखी नीट तपासतात. १४ हजार पुरुषांच्या चोरीचा हिशेब असाच बायकांच्या डब्यात शोधला गेला.

आता थोडं आपल्याबद्दल. टाळ्या वाजवू नका, कडू आहे.

माझ्या ताईचा नवरा कोण होता? १४ एप्रिलच्या मिरवणुकीत सगळ्यात पुढं निळा झेंडा धरून नाचायचा तो. भाषणं पाठ होती त्याला. सरकारनं माझ्या बहिणीला तीनदा बोलावलं. त्याला एकदाही नाही. सरकारचं सोडा, आपण तरी बोलावलं का? आपल्या एका तरी बैठकीत कोणी विचारलं का, दोस्ता, तुझी बायको-पोरगी कुठाय? पोटगीचा कायदा आहे. पूर्वी फौजदारी संहितेचं कलम १२५ होतं, १ जुलै २०२४ पासून नव्या संहितेत ते १४४ झालं. नंबर बदलला. त्याला शोधून आणायला कोणी गेलं नाही. मीही गेलो नाही. कशाला घरातली भानगड चव्हाट्यावर, असं मीही म्हणालो होतो.

आणि आपण कोणत्या गावात बसलोय? ह्याच नागपुरात २० जुलै १९४२ ला दलित महिलांची परिषद भरली. सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष होत्या. बाबासाहेब समोर होते. त्या बायांनी घटस्फोटाच्या हक्काचा ठराव केला, एकाहून जास्त बायका करण्याविरुद्ध ठराव केला. तेव्हा देश स्वतंत्र नव्हता, आणि आपल्या आज्या हे बोलत होत्या. तिथून इतक्या वर्षांनी त्यांची नात टेबलासमोर उभी राहून काळ्या पोतीचा खुलासा देते.

घटनेचं कलम ४१ वाचा. काम, शिक्षण, म्हातारपण, आजार ह्यांबरोबर तिथं आणखी एक गोष्ट आहे. स्वतःचा काही अपराध नसताना ज्यांच्या वाट्याला हलाखी आली, त्यांना सरकारनं मदत करावी. ऐपतीप्रमाणे, असंही लिहिलंय. कलम ३७ सांगतं की ह्यासाठी थेट कोर्टात जाता येत नाही. ठीक. पण शब्द बघा. अपराध नसताना. घटना बाईला निरपराध धरून सुरुवात करते. टेबल तिला गुन्हेगार धरून सुरू होतं. भांडण इथं आहे.

म्हणून नुसत्या घोषणा नकोत. कामं सांगतो, वाटून घ्या.

वस्तीतल्या कोणत्याही बाईला चौकशीला बोलावलं तर एकीनंही एकटं जायचं नाही. तुमच्यातला एक जण सोबत जाईल. तिच्या वतीनं बोलायला नव्हे. नुसता शेजारी उभा राहायला आणि लिहून घ्यायला. कोणी काय विचारलं, किती वाजता, सगळं.

आरोप काय तो लेखी मागा. मी मागितला तेव्हा 'तू'चं 'तुम्ही' झालं. कोऱ्या किंवा न वाचलेल्या कागदावर सही-अंगठा नाही. दिलेल्या प्रत्येक कागदाची पोच घ्या. पैसे बंद केले तर कारणासह आदेश मागा. नाही दिला तर माहितीचा अधिकार आहे, २००५ चा. दहा रुपयांत फाईलची नक्कल मागता येते, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. तुम्ही परीक्षेला हे पाठ करता, मग एक अर्ज लिहून द्या की कोणाच्या आईला.

एकट्या आईच्या किंवा एकट्या बापाच्या लेकरासाठी बालसंगोपन योजना आहे. सावित्रीबाईंच्या नावाची. मुलामागे महिन्याला २२५०, अठरा वर्षांपर्यंत. तिथंही गृहचौकशी होते, बाल कल्याण समितीपुढं जावं लागतं. माझ्या ताईला सात वर्षांत हे कोणी सांगितलं नाही. मीही नाही, कारण मला माहीत नव्हतं. वस्तीत किती लेकरं अशी आहेत, यादी करा.

खोटं बोला असं मी कोणाला सांगणार नाही. खोटं बोलायला लावणारी २१ हजारांसारखी अट मोडायची मागणी मात्र आपण करू. राबणारी बाईसुद्धा निराधार असू शकते, हे त्या कागदावर यायला पाहिजे.

ताईचा निकाल अजून आलेला नाही. तिसरा महिना चाललाय. खातं कोरडं आहे. पोरीच्या शिकवणीचे पैसे थकलेत. खरं बोलल्याची किंमत काय लागते ते आम्हाला अजून कळायचंय.

काल रात्री मी पोचलो. सवयीनं बूट उचलून आत न्यायला लागलो, कोणी पाहू नये म्हणून. ताईनं हात धरला. म्हणाली, "राहू दे बाबू. दारातच ठेवजो. पाहू दे लोकायले."

ते बूट आत्ता तिच्या दारात आहेत. मी इथं चपलेवर आलोय.

जय भीम.