तीन पिढ्यांची वकिली
(वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आपल्या कार्यकारी मंडळाने आम्हांस आज बोलण्याची आज्ञा केली, याबद्दल आम्ही मंडळाचे ऋणी आहोत. आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलेले एक निवृत्त शाळामास्तर. आमचे सारे आयुष्य मुलांना इतिहास शिकविण्यात गेले. तेव्हा पांडित्याची अपेक्षा न करता एका थोर पुरुषाची गोष्ट ऐकावी, एवढीच विनंती आहे. हा पुरुष आपल्या ज्ञातीचा नव्हे, आपल्या देशाचाही नव्हे. परंतु आपल्या संमेलनात दरवर्षी ‘घराणे’ या शब्दाचा जो उच्चार होतो, त्याचा खरा अर्थ काय, हे त्याच्या चरित्राइतके स्पष्ट आम्हांस अन्यत्र क्वचितच दिसले.

आपल्या भाषेत ‘वकील’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. न्यायालयात पक्षकाराची बाजू मांडतो तो वकील. आणि पेशवाईत परक्या दरबारी आपल्या राज्याची बाजू सांभाळीत असे, तोही वकीलच. दिल्लीच्या दरबारी हिंगणे घराण्याने ही दुसऱ्या प्रकारची वकिली वडिलांमागून मुलांनी चालविली, हे इतिहासाच्या वाचकांस ठाऊक आहेच. आज ज्यांच्याविषयी बोलावयाचे ते अमेरिकेचे चार्ल्स फ्रान्सिस ॲडम्स हे दोन्ही अर्थांनी वकील होते, आणि शिवाय ग्रंथकारही होते.

त्यांचा जन्म १८ ऑगस्ट १८०७ रोजी बोस्टन येथे झाला. आजोबा जॉन ॲडम्स हे अमेरिकेचे दुसरे राष्ट्राध्यक्ष. वडील जॉन क्विन्सी ॲडम्स हे पुढे १८२५ मध्ये सहावे राष्ट्राध्यक्ष झाले. अशा घरी जन्म म्हणजे केवढे भाग्य, असे आपण म्हणू. पण थोरल्या दोन्ही भावांची कथा ऐकिली म्हणजे या भाग्याची दुसरी बाजू दिसते. जॉर्ज हा थोरला मुलगा बुद्धिमान; तो १८२९ मध्ये, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, आगबोटीवरून पाण्यात पडून गेला. मधला जॉन व्यसनाधीन होऊन १८३४ मध्ये एकतिसाव्या वर्षी वारला. वडिलांची अपेक्षा डोंगराएवढी आणि मुलांचे खांदे कोवळे, असे त्या घरी झाले. मोठ्या नावाचे ओझे सर्वांनाच पेलते असे नाही. ते पेलले धाकट्याने, आणि कसे पेलले, हाच आमच्या व्याख्यानाचा विषय आहे.

चार्ल्स दोन वर्षांचे असताना वडिलांची नेमणूक रशियाच्या दरबारी झाली. १८१५ च्या फेब्रुवारीत, सात वर्षांच्या या मुलाला घेऊन त्यांच्या मातोश्री लुइझा यांनी सेंट पीटर्सबर्गहून पॅरिसपर्यंतचा प्रवास घोडागाडीने केला. भर हिवाळा, युद्धाने उद्ध्वस्त झालेला मुलूख, पती पुढे गेलेले! सुमारे चाळीस दिवसांनी त्या पॅरिसला पोहोचल्या, तो नेपोलियन तीनच दिवस आधी तेथे परतलेला. पुढे वडील लंडन येथे वकील झाले, आणि चार्ल्स यांस इंग्रजी निवासी शाळेत घातले. नुकतेच ज्या देशाशी इंग्रजांचे युद्ध झाले, त्या देशाचा हा मुलगा इंग्रज मुलांत शिकला. इंग्रजांचा स्वभाव त्यांना पुस्तकांवरून शिकावा लागला नाही.

१८२५ मध्ये हार्वर्ड येथील शिक्षण संपवून त्यांनी डॅनियल वेब्स्टर या नामांकित कायदेपंडितांच्या कचेरीत कायद्याचा अभ्यास केला आणि १८२९ मध्ये वकिलीची सनद मिळविली. ही वकिली फारशी चालली नाही. तथापि कागद नीट वाचणे, पुरावा जमविणे, आणि जे सिद्ध करता येत नाही ते न बोलणे, ही कायद्याची शिस्त त्यांच्या अंगी मुरली. तिचे मोल पुढे कळले.

न्यायालयातून उरलेला वेळ त्यांनी कशात घालविला? घरातील कागदांत! आजी ॲबिगेल यांनी आपल्या पतीस व आप्तांस लिहिलेली पत्रे त्यांनी १८४० मध्ये छापून प्रसिद्ध केली. एका स्त्रीची घरगुती पत्रे म्हणून ती पेटीत पडून राहिली असती. आज ती अमेरिकेच्या इतिहासाचे मोलाचे साधन मानली जातात. भगिनीवर्गाने याकडे विशेष लक्ष द्यावे. पुढे १८५० ते १८५६ या काळात आजोबांचे समग्र लेखन त्यांनी दहा खंडांत प्रसिद्ध केले. त्यातील चरित्र वडिलांनी आरंभिले होते, ते मुलाने पुरे केले. वडिलांची रोजनिशी १८७४ ते १८७७ मध्ये बारा खंडांत निघाली. या कागदांसाठी १८७० मध्ये क्विन्सी येथे त्यांनी आगीपासून सुरक्षित असे दगडी ग्रंथालय बांधिले. ते आजही उभे आहे.

राजकारणात ते गुलामगिरीचे विरोधक म्हणून उतरले. वडिलांनी राष्ट्राध्यक्षपद गेल्यावरही लोकसभेत बसून गुलामगिरीविरुद्धच्या अर्जांसाठी वर्षानुवर्षे झुंज दिली होती; २३ फेब्रुवारी १८४८ रोजी संसदभवनातच त्यांचे देहावसान झाले. त्याच वर्षी मुलगा नव्या ‘फ्री सॉइल’ पक्षाचा उपराष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार झाला. नव्या प्रांतांत गुलामगिरी पसरू देऊ नये, हे त्या पक्षाचे ब्रीद. निवडून येण्याचा संभव नव्हता, आणि ते आलेही नाहीत. जुन्या पक्षात राहून वडिलांच्या नावावर पद मिळविणे त्यांस सोपे होते. त्यांनी हरणारी पण न्याय्य बाजू घेतली.

आता मुख्य प्रसंगाकडे येतो. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. दक्षिणेकडील गुलामांची राज्ये फुटून निघाली. राष्ट्राध्यक्ष लिंकन यांनी ॲडम्स यांस लंडनच्या वकिलातीवर पाठविले. आजोबा १७८५ मध्ये याच जागी पहिले अमेरिकन वकील म्हणून गेले होते. वडील १८१५ मध्ये. ही तिसरी पिढी! परंतु या तिसऱ्यांच्या वाट्यास आलेला प्रसंग अतिशय कठीण होता. १३ मे १८६१ रोजी ते इंग्लंडात उतरले, आणि नेमक्या त्याच तारखेच्या जाहीरनाम्याने ब्रिटनने तटस्थता पुकारून दक्षिणेस युद्धमान पक्ष म्हणून मान्यता दिली. वकिलाने तोंड उघडण्यापूर्वीच निम्मा दावा हातचा गेला होता.

शिवाय कापसाचा प्रश्न होता. लँकेशायरच्या गिरण्यांना लागणारा बहुतेक कापूस अमेरिकेच्या दक्षिणेतून येई. तो बंद होताच लाखो मजूर उपाशी पडले, आणि दक्षिणेच्या बाजूने उभे राहावे असा दबाव ब्रिटिश सरकारवर वाढला. या कापसाशी आपल्या महाराष्ट्राचाही संबंध आहे. तुटवडा पडताच खानदेश-वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचे मोल आले, मुंबईत पैशाचा पूर लोटला, प्रेमचंद रायचंद यांच्या काळातील शेअरबाजीला ऊत आला. १८६५ मध्ये युद्ध संपले आणि तो फुगा फुटला. म्हणजे लंडनमध्ये हे गृहस्थ ज्या युद्धाचा वणवा आवरीत होते, त्याची झळ व ऊब दोन्ही आपल्या पूर्वजांच्या ओसरीपर्यंत आल्या होत्या.

पहिली कसोटी १८६१ च्या नोव्हेंबरातच आली. ‘ट्रेंट’ या ब्रिटिश टपालबोटीवरून दक्षिणेचे दोन दूत एका अमेरिकन कप्तानाने जबरीने उतरवून नेले. इंग्लंड खवळले, कॅनडाकडे सैन्य निघाले. अमेरिकेत त्या कप्तानाचा जयजयकार चालला होता. ॲडम्स त्यात सामील झाले नाहीत. तटस्थ जहाजांवरून माणसे उतरविण्याविरुद्ध अमेरिका १८१२ पासून भांडत आली होती. तेच आपण करावे, हे त्यांस पटणारे नव्हते, आणि तसे त्यांनी आपल्या सरकारास कळविले. अखेर ते दूत सोडून देण्यात आले व युद्ध टळले. आपल्या पक्षकारास अप्रिय सल्ला देणारा तो खरा वकील!

१८६२ मध्ये पंतप्रधान पामर्स्टन यांनी त्यांस अमेरिकन सेनापतीच्या एका हुकुमाविषयी खाजगी पत्र धाडले. भाषा उर्मट होती. ॲडम्स यांनी उलट शिवी दिली नाही. हे पत्र सरकारी समजावे की खाजगी, एवढेच त्यांनी विचारले. या साध्या प्रश्नाने पंतप्रधान अडचणीत आले व प्रकरण निवले. स्वाभिमान राखावयास आवाज चढवावा लागतोच असे नाही.

सर्वांत मोठे प्रकरण जहाजांचे. दक्षिणेचे हस्तक इंग्लंडात गुपचूप युद्धनौका बांधवून घेत होते. लिव्हरपूल येथील अमेरिकन कॉन्सल डडली यांनी पुरावे जमविले, ॲडम्स यांनी नामांकित कायदेपंडिताचे मत जोडून ते सरकारपुढे ठेविले. परंतु कागद ज्या कायदा-अधिकाऱ्याकडे गेले तो वेडाने आजारी होता; कागद तसेच पडून राहिले, आणि २९ जुलै १८६२ रोजी ‘अलाबामा’ निसटली! पुढील दोन वर्षांत तिने साठांहून अधिक अमेरिकन जहाजे बळकाविली. मुंबईहून निघालेले ‘एमा जेन’ नावाचे जहाज तिने १८६४ च्या जानेवारीत मलबार किनाऱ्याजवळ जाळिले. अखेर जून १८६४ मध्ये फ्रान्सच्या शेरबुर्ग बंदराबाहेर ती बुडविली गेली.

एक हरलेला दावा ॲडम्स यांनी टाकून दिला नाही. प्रत्येक नुकसानीची ते नोंद करीत राहिले व परराष्ट्रमंत्री रसेल यांस पत्रामागून पत्र पाठवीत राहिले. १८६३ मध्ये दोन चिलखती जहाजे त्याच कारखान्यात तयार होऊ लागली. सरकार काही करीत नाही असे दिसताच ५ सप्टेंबर रोजी त्यांनी लिहिले, की याचा अर्थ युद्ध होय, हे आपणांस वेगळे सांगावयास नको. जहाजे अडविली गेली. या एका वाक्याने इंग्लंड नमले, अशी कथा पुष्कळ दिवस सांगितली जाई. वास्तविक रसेल यांनी अटकावाचा हुकूम दोनच दिवस आधी दिला होता. आम्हांस यामुळे ॲडम्स लहान वाटत नाहीत, उलट मोठे वाटतात. कारण तो हुकूम एका गर्जनेने निघाला नाही. दोन वर्षांच्या शांत, सप्रमाण पत्रव्यवहाराने तो निघाला.

दरम्यान १ जानेवारी १८६३ रोजी लिंकन यांचा दास्यमुक्तीचा जाहीरनामा अमलात आला. ज्या मँचेस्टरात कापसावाचून चुली विझल्या होत्या, तेथील मजुरांनी लिंकन यांस पाठिंब्याचे मानपत्र धाडिले. त्यास लिंकन यांचे उत्तर ॲडम्स यांच्या हस्तेच गेले. दहा वर्षांनी, १८७३ मध्ये, महात्मा जोतीराव फुले यांनी आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ दास्यमुक्तीच्या कार्याबद्दल अमेरिकेच्या लोकांस अर्पण केला. त्या अर्पणपत्रिकेत गौरविलेल्या कार्याचा एक वाटा या लंडनच्या वकिलाचाही होता.

१८६८ मध्ये ते परतले. पण ‘अलाबामा’चा हिशेब राहिला होता. तो तोफांनी न चुकविता पंचांपुढे चुकवावा, असा करार १८७१ मध्ये झाला. जिनीव्हा येथे पाच देशांचे पाच पंच बसले; अमेरिकेतर्फे ॲडम्स. तेथे अमेरिकेनेच अवास्तव मागणी केली, की युद्ध लांबले त्याचाही खर्च ब्रिटनने द्यावा. ब्रिटन उठून जाण्याच्या बेतात आले. तेव्हा ॲडम्स यांनी सुचविले, की अशी मागणी कायद्यात बसत नाही, असे पंचांनी स्वतःच जाहीर करावे. आपल्याच देशाची जादा मागणी त्यांनी आपल्या हाताने बाजूस सारिली, म्हणून निवाडा होऊ शकला. १४ सप्टेंबर १८७२ रोजी ब्रिटनने एक कोटी पंचावन्न लाख डॉलर सोन्यात द्यावेत असे ठरले, आणि ब्रिटनने ते दिले. तो दिवाणखाना आजही ‘अलाबामा सभागृह’ या नावाने ओळखला जातो.

त्याच वर्षी एका नव्या पक्षाच्या अधिवेशनात राष्ट्राध्यक्षपदासाठी त्यांचे नाव पहिल्या फेरीत आघाडीवर होते. सौदा करून मिळणारी उमेदवारी आपणांस नको, असे त्यांनी आधीच कळविले होते. ती दुसऱ्यास मिळाली. आजोबा आणि वडील ज्या आसनावर बसले, ते नातवास लाभले नाही. स्वभाव थंड, अबोल. लोकांत मिसळणे त्यांस जमत नसे. २१ नोव्हेंबर १८८६ रोजी त्यांचे निधन झाले. पण लॉवेल या कवीने म्हटले आहे, की लंडनच्या त्या एकाकी चौकीवर ॲडम्स यांनी जी सेवा केली, तिच्याहून सरस सेवा कोणत्याही सेनापतीने, ग्रँट यांनीदेखील, केली नाही.

बंधुभगिनींनो, यातून आपण काय घ्यावयाचे? आमच्या वर्गात मोठ्या घरची मुले पुष्कळ आली. त्यांतील कित्येकांस आपले घराणे ही बँकेतील ठेव वाटे. व्याजावर जगावे, कष्ट करू नयेत. अशा घरांचे पुढे ‘बडा घर पोकळ वासा’ झालेले आम्ही पाहिले आहे. ॲडम्स यांनी घराण्याकडे ठेव म्हणून पाहिले नाही, देणे म्हणून पाहिले, आणि ते आयुष्यभर फेडिले.

दुसरी गोष्ट याहून सोपी आहे, आणि आजच करता येण्याजोगी आहे. आपल्यापैकी कितीतरी घरांत मोडी कागदांची गाठोडी माळ्यावर पडून आहेत: सनदा, खतपत्रे, हिशेबाच्या वह्या, आजीने माहेरी धाडलेली पत्रे. मोडी वाचणारे आता थोडे उरले, म्हणून ती रद्दीत जातात, वाळवीच्या तोंडी पडतात. हिंगण्यांचे कागद राहिले, म्हणून ‘हिंगणे दप्तर’ छापून निघाले व दिल्लीतील त्यांची वकिली आपणांस कळली. मंडळास आमची विनंती आहे, की वसतिगृहातील एक कपाट या कागदांसाठी राखून ठेवावे, आणि दोन होतकरू मुलांस मोडी शिकण्यासाठी विद्यावेतन द्यावे. पहिल्या वर्षाचा निम्मा खर्च आम्ही आमच्या निवृत्तिवेतनातून सोसू.

पूर्वजांच्या तसबिरीस हार घालणे चांगलेच. पण त्यांनी लिहिलेले वाचणे, ते जपणे, आणि त्यात आपल्या हातची चार चांगली पाने जोडणे, हे त्याहून चांगले.